ताकुआरेम्बोच्या एकशे शहाऐंशी गाई

१

गुरुवारी दुपारी सव्वाबाराला अकरा घरांतले फोन एकदम वाजले आणि आमची एकशे शहाऐंशी गुरं मेल्याचं आम्हाला कळलं.

सिडनीत राहणाऱ्यांची गुरं कुठली, असं कुणीही विचारेल. तीन वर्षांपूर्वी वेंटवर्थव्हिल आणि टूनगॅबी या उपनगरांतल्या अकरा मराठी कुटुंबांनी मिळून दक्षिण अमेरिकेत, उरुग्वे देशात, ताकुआरेम्बो गावाबाहेर शेत घेतलं होतं. अर्ध्यात सोयाबीन, अर्ध्यात गवत, आणि गवतावर चारशेच्या वर हेरफर्ड जातीची गुरं, तांबड्या अंगाची आणि पांढऱ्या तोंडाची. कल्पना शैलेंद्रची. तो पुण्याच्या कृषी महाविद्यालयातला, इथे धान्याच्या कंपनीत नोकरीला. "इथली जमीन आपल्याला झेपायची नाही. तिथे पाऊस आहे, माती आहे, आणि गुरांवर जीव लावणारी माणसं आहेत," असं सांगत तो घरोघर फिरला होता. मी आणि माझा नवरा स्वप्निल सगळ्यात शेवटी सामील झालो.

शेत सांभाळायचा रामोन. तो दर महिन्याला स्पॅनिशमध्ये पत्र आणि फोटो पाठवायचा. आमच्यातली विनीता युनिमध्ये स्पॅनिश शिकवते. ती त्याचं मराठी करून ग्रुपवर टाकायची. मार्च २०२० पासून देशाची दारं बंद झाली, तेव्हापासून शेत आम्ही फक्त फोनवर पाहत होतो.

हे पत्र मात्र रामोनचं नव्हतं. रामोन कोव्हिडने हॉस्पिटलमध्ये आहे, त्याचा फोन बंद आहे, म्हणून मी शेजारी लिहितोय, असं त्यात होतं. गोचीड तापाची साथ आली, एकशे शहाऐंशी गुरं गेली, उरलेल्यांचा भरवसा नाही. सोबत दोन फोटो आणि बारा सेकंदांचा व्हिडिओ. गवतावर आडव्या पडलेल्या तांबड्या गाई.

अर्ध्या तासात डॉक्टर उल्हासांचा मेसेज आला. ते आमच्यातले ज्येष्ठ, टूनगॅबीतले फॅमिली डॉक्टर, शेताच्या मंडळीचे कार्यवाह. "मित्रांनो, कुणाचाही संसार यात बुडू नये. ज्यांना बाहेर पडायचंय त्यांचे हिस्से मी घेतो. फार देता येणार नाही, पण काही तरी हातात पडेल. रविवारी चार वाजता झूमवर ठरवू. तोपर्यंत तिकडे कुणी फोन करू नका. मी बोलतोय सगळ्यांशी."

खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागली. मग कुणीतरी लिहिलं, "शैलेंद्र, तू तर म्हणाला होतास गुरांवर जीव लावणारी माणसं आहेत." त्याखाली आणखी आठ-दहा मेसेज, एकाहून एक कडू. शैलेंद्रने एकच ओळ लिहिली: "घर विकून प्रत्येकाचं भरून देईन."

मी फोन ओट्यावर ठेवला. आई तिथे मटार सोलत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि फोटो बोटांनी मोठा केला. बराच वेळ पाहत राहिली.

"क्षिते," ती म्हणाली, "ही गुरं मेलेली न्हाईत."

२

माझी आई, जाईबाई, माझ्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांसाठी आली होती. विमानं थांबली आणि दीड वर्ष इथेच अडकली. ग्रुपमधले लोक तिला 'क्षितिजाची आई' म्हणून ओळखत. फार तर पुरणपोळ्या छान करते, एवढंच त्यांना ठाऊक.

ती जालना जिल्ह्यातल्या परतूरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकतीस वर्षं नोकरीला होती. परिचर म्हणून लागली आणि व्रणोपचारक म्हणून निवृत्त झाली. व्रणोपचारक म्हणजे जखमा धुणारा, टाके घालायला मदत करणारा, शवविच्छेदनाला डॉक्टरांशेजारी उभा राहणारा माणूस. तालुक्यात त्या पदावर बसलेली पहिली बाई तीच. विमा काढलेलं जनावर मेलं की पंचनाम्याला तिला नेत.

"लोक काय करायचे ठाऊक हाय का? झोपलेल्या म्हशीचा फोटो काढून मेली म्हणून आणायचे. डॉक्टर नवीन असला की फसायचा. मग फोटो माझ्याकडं."

"म्हणजे ह्या झोपल्यात?"

"उन्हाला पसरल्यात. थंडीत सकाळचं ऊन निघालं की गुरं अशी आडवी होतात. ही बघ, हिचा कान उभाय. मेल्यावर कान लोळतो. पोट कुणाचंच फुगलेलं न्हाई. आणि पायांकडं बघ." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "गोचीड तापानं मरणारं जनावर पाय झाडतं. खालचं गवत खरवडून निघतं, मातीत कमानी उमटतात. इथं गवत उभंच्या उभं."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पुरावा पाहिल्याशिवाय मान हलवायची नाही, ही माझी सवय. पण माझी मान हलली.

"रामोनचे जुने फोटो काढ," आई म्हणाली.

काढले. प्रत्येक गाईच्या दोन्ही कानांत पिवळा बिल्ला. नव्या फोटोत एकाच कानात, उजव्या.

"आमच्याकडं म्हणायचे, बिल्ला न्हाई तर दावा न्हाई," ती म्हणाली. "ही तुमची गुरंच न्हाईत. आता ते चालतं चित्र लाव."

व्हिडिओत कॅमेरा गाईंवरून घाईने फिरत होता. मी तीनदा पाहिला, काही सापडलं नाही. चौथ्यांदा आईने डोळे मिटले.

"आवाज वाढव."

वारा. दूर कुठेतरी गाडी. आणि एक पाखरू, गळ्यात पाणी घोळवून शीळ घालावी तसं.

"हे पाखरू रोज सकाळी तुझ्या मागच्या अंगणात ओरडतं. काळं-पांढरं. बाळाला घेऊन मी तेच बघत उभी असते."

मॅगपाय. बारा वर्षं इथे राहून मला तो ऐकू येईनासा झाला होता. आईला तो अजून नवा होता. मी फोनवर शोधलं. हा पक्षी दक्षिण अमेरिकेत नाहीच.

व्हिडिओ ऑस्ट्रेलियात काढलेला होता. म्हणजे काढणारा आमच्यातलाच कुणीतरी.

३

"ग्रुपवर टाकते," मी म्हणाले.

"टाकू नको. चोराला कळलं की तो दुसरं चित्र आणील. आधी चौघांशी बोलू." कागदपत्रं ज्यांच्या हातून जात किंवा शेती-गुरांशी ज्यांचा संबंध होता, असे चौघेच होते: शैलेंद्र, विनीता, उल्हास आणि दत्तप्रसाद.

"विचारायचं काय?"

"सगळ्यांना एकच. ह्या रोगाला तिकडं काय म्हणत्यात."

मला त्यातलं काही कळलं नाही. पण आईला विचारून उपयोग नसतो. ती हातातलं काम झाल्यावरच सांगते.

शैलेंद्र जवळच राहतो. लॉकडाऊनमध्ये व्यायामासाठी चालायला मुभा होती, म्हणून मास्क लावून तो आमच्यासोबत पार्कला फेरी मारायला आला. एका रात्रीत त्याचे गाल बसले होते.

"लोक बरोबर बोलतायत, काकू. मी सगळ्यांना यात ओढलं."

"शेताकडं कधी गेला होतास?"

"२०१९ ला. आणि आता मी ह्या रस्त्यापलीकडेसुद्धा जाऊ शकत नाही. घरून काम करतोय जूनपासून."

"ह्या रोगाला तिकडं काय म्हणत्यात रे?"

"त्रिस्तेसा," तो पटकन म्हणाला. "म्हणजे दुःख. जनावर मान टाकून उदास उभं राहतं, म्हणून. रामोनने एकदा लिहिलं होतं, शेजारच्या शेतात त्रिस्तेसा आली. विनीताने व्हिडिओ कॉलवर समजावलं तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो."

"सगळे?"

"उल्हास नव्हते. त्यांची फीव्हर क्लिनिकची ड्यूटी होती."

विनीता फोनवर भेटली. पुढच्या महिन्यात तिची डिलिव्हरी होती आणि ती घराबाहेर पाऊल टाकत नव्हती. पत्र तिच्याच इनबॉक्समध्ये आलं होतं, नव्या पत्त्यावरून. मूळ स्पॅनिश तिने कुणालाच पाठवलं नव्हतं. ग्रुपवर फक्त मराठी टाकलं होतं.

"एक गोष्ट खटकली मला," ती म्हणाली. "व्याकरण अगदी बरोबर आहे, पण त्यात माणूस बोलत नाही. आणि शब्द बघ. रामोन, त्याची बायको, तिथली वेट, म्हणजे गुरांची डॉक्टर, सगळे त्रिस्तेसाच म्हणतात. ह्याने लिहिलंय फिएब्रे दे गारापाता. म्हणजे शब्दशः टिक फिव्हर, गोचीड ताप. मला वाटलं, शेजारी कुठून तरी लांबून आला असेल."

आई माझ्याकडे पाहून गालात हसली. मला तेव्हा उमगलं, ती काय शोधत होती. पत्र इंग्रजीत विचार करणाऱ्या माणसाने लिहिलं होतं. आणि त्याला त्रिस्तेसा हा शब्द माहीत नव्हता.

पण तेवढ्यात विनीता म्हणाली, "दत्ताला विचारलंत का? तो मागच्या आठवड्यात गुरांच्याच गावात होता."

४

दत्तप्रसाद मूळचा कोल्हापूरचा इंजिनिअर. त्याचे दोन रेफ्रिजरेटेड ट्रक आहेत. मांसाचा माल आणायला तो डबो या गुरांच्या गावी जातो. सगळं शहर घरात कोंडलेलं असताना त्याच्याकडे परमिट होतं. तो आमच्या गेटपाशीच उभा राहिला आणि प्रश्न ऐकताच भडकला.

"मी ट्रक चालवतो म्हणून चोर? अख्ख्या लॉकडाऊनमध्ये तुमच्या फ्रीजमध्ये माल कुणी पोचवला?"

"चोर न्हाई म्हणाले मी," आई म्हणाली. "मी स्वतः गुरांच्या गाडीत बसून तालुका फिरलेय. गाडीवाल्याला कमी लेखणारी न्हाई."

तो जरा निवळला. मोबाइलमधले फोटो त्याने स्वतःच दाखवले. लोखंडी कुंपणं, चिखल, काँक्रीट. "काकू, मी जातो तिथे गुरं गवतावर लोळत नाहीत. गाडीतून उतरली की आत."

"ह्या रोगाला तिकडं काय म्हणत्यात?"

"गायींचं डिप्रेशन!" तो हसला. "विनीताने सांगितलं त्या दिवसापासून मी तेच म्हणतो. त्रिस्तेसा. माझी बायको वैतागली की मी तिला विचारतो, त्रिस्तेसा झालीय का."

शुक्रवारी दुपारी आईचा लशीचा दुसरा डोस होता, उल्हासांच्याच क्लिनिकमध्ये. त्यांनी हसत स्वागत केलं. दंड पुसताना आईला म्हणाले, "मावशी, घाबरू नका हं."

"मी हजारो टोचल्यात, डॉक्टर. बैल लाथ मारतो, तुम्ही न्हाई मारणार." मग अगदी सहज, "ते गुरांचं लई वाईट झालं. ह्या रोगाला तिकडं काय म्हणत्यात?"

"टिक फिव्हरच. स्पॅनिशमध्ये फिएब्रे दे गारापाता," ते सुईकडे पाहत म्हणाले. "पण तुम्ही कशाला डोक्याला त्रास करून घेता? पंधरा मिनिटं बाहेर बसा."

मला फोनवरचं बोलणं आठवलं. विनीताने मूळ पत्र कुणालाच दाखवलं नव्हतं.

बाहेर रिसेप्शनच्या काचेवर वेळापत्रक चिकटवलं होतं: 'डॉक्टर उल्हास बुधवारी बॅथर्स्टच्या क्लिनिकमध्ये.' बॅथर्स्ट म्हणजे डोंगरापलीकडचं गाव, चहूकडे कुरणं. डॉक्टर म्हणून त्यांना तिथे जायची परवानगी होती. पत्र आलं होतं गुरुवारी.

आई दंडावर कापूस दाबून शांत बसली होती. "एका शब्दानं माणूस धरता येत न्हाई, क्षिते," ती हळूच म्हणाली. "आपली गुरं जिती हायेत, हे आधी डोळ्यांनी बघायला हवं."

५

रामोनच्या जुन्या पत्रांतून विनीताने तिथल्या वेटचा नंबर काढला. तिचं नाव ग्रासिएला. विनीताने साथीचं विचारताच पलीकडून स्पॅनिशचा धबधबा सुरू झाला.

विनीता आम्हाला सांगत गेली. "साथ नाहीच! ती गेल्या सोमवारीच शेतावर होती. रामोन खरंच आजारी होता, पण आता घरी आलाय. त्याच्या बायकोने तीन आठवड्यांपूर्वीच डॉक्टरांना, म्हणजे उल्हासांना कळवलं होतं. आणि ती विचारतेय, तुम्ही शेत विकताय का? कारण कागदासाठी झाडं लावणाऱ्या एका कंपनीची माणसं जमीन मोजून गेली. त्यांच्याकडे डॉक्टरांच्या सहीचं पत्र होतं."

आता सगळं जुळलं. जमिनीला मोठं गिऱ्हाईक आलं होतं आणि ते फक्त कार्यवाहाला माहीत होतं. दहा घरांना घाबरवून हिस्से स्वस्तात गोळा करायचे आणि मग एकट्याने विकायचं.

रविवारी सकाळी सहाला ग्रासिएला शेताच्या फाटकावर उभी राहिली. इथे उजाडत होतं, तिथे शनिवारची संध्याकाळ उतरत होती. स्वप्निलने तिचा कॉल आमच्या टीव्हीवर लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. घोड्यावरच्या दोन माणसांनी गुरं हाकली. तांबडी अंगं, पांढरी तोंडं, दोन्ही कानांत पिवळे बिल्ले, एकेक करत फाटकातून जाऊ लागली.

आई उभी राहिली. उजव्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजत, ओठ हलवत. पंचवीस मिनिटं ती बसली नाही.

"चारशे दोन," ग्रासिएला म्हणाली.

"चारशे तीन," आई म्हणाली. "एक कालवड मोठ्या गाईच्या आडून गेली. तिचा डावा मागचा खूर दुखतोय. बघायला सांग."

विनीताने ते भीत भीत सांगितलं. ग्रासिएलाने कळपात माणूस पाठवला. थोड्या वेळाने ती परत आली, टोपी काढली आणि काहीतरी म्हणाली.

"चारशे तीन," विनीताने सांगितलं. "खुरात काटा होता. ती विचारतेय, ह्या बाई कोण आहेत?"

६

चार वाजता झूमवर अकरा चौकोन उघडले. उल्हासांनी कागद तयारच ठेवले होते. "शैलेंद्रला दोष देऊ नका," ते मोठ्या मनाने म्हणाले. "मी सगळ्यांना सह्यांसाठी लिंक पाठवतो."

"थांबा," स्वप्निल म्हणाला. "आमच्या घरातून एकजण बोलणार आहे."

आई कॅमेऱ्यासमोर बसली. तिने इस्त्रीची निळी साडी नेसली होती.

"मी जाईबाई मगरे. सेवानिवृत्त व्रणोपचारक, पशुवैद्यकीय दवाखाना, परतूर."

"मावशी, तुमच्या भावना समजतात, पण हा कायदेशीर..." उल्हास म्हणाले.

"मला बारा सेकंद द्या."

स्वप्निलने व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण वाढवून. वारा, गाडी, आणि ते पाखरू. ते थांबलं, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी उघड्या खिडकीतून, त्याच क्षणी, खरा मॅगपाय शीळ घालून गेला. चौकोनांमधले चेहरे एकेक करत वर झाले.

मग आईने सांगितलं. कान, गवत, बिल्ले. शैलेंद्र घराबाहेर पडू शकत नव्हता. विनीता आणि दत्ता त्या रोगाला तिथल्याच नावाने ओळखत होते. पत्रातलं नाव वेगळं होतं, आणि ते विनीताशिवाय कुणी वाचलेलं नसताना शुक्रवारी एकाच तोंडून जसंच्या तसं बाहेर आलं. तिने उल्हासांचं नाव घेतलंच नाही. घ्यावं लागलं नाही.

"हा... हा आरोप आहे," ते म्हणाले.

मी सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. चारशे तीन गुरं चालत गेली. नंतर ग्रासिएलाने पाठवलेला फोटो लावला: मोजणीवाल्यांकडचं पत्र, खाली उल्हासांची सही.

उल्हासांनी समोरचे कागद बाजूला सारले. "मी काही लुबाडत नव्हतो," ते म्हणाले. "हिस्से विकतच घेत होतो. एका पेशंटच्या कुरणात पाच मिनिटं... तेवढंच."

"डॉक्टर," आई म्हणाली, "जितं जनावर मेलेलं म्हणून दाखवणाऱ्याला आमच्या दवाखान्यात आम्ही आत घेत नव्हतो. मग तो पाटील असो की सभापती."

उल्हासांचा चौकोन काळा झाला.

शैलेंद्र मात्र तोंडावर हात धरून रडत होता. त्याला सगळ्यात कडू मेसेज लिहिणाऱ्याने आधी माफी मागितली. मग बाकीच्यांनीही.

७

वकिलामार्फत उल्हास मंडळीतून बाहेर पडले. त्यांनी आम्हाला जी किंमत देऊ केली होती, त्याच किमतीत आम्ही त्यांचा हिस्सा घेतला. जमीन विकायची नाही, असं दहाही घरांनी ठरवलं. रामोन सप्टेंबरात पुन्हा घोड्यावर बसला. दर दुसऱ्या रविवारी सकाळी तो फाटकाशी फोन धरायचा आणि आई इथून गुरं तपासायची. मध्ये विनीता दुभाषी, मांडीवर तिची तान्ही मुलगी.

नोव्हेंबरात विमानं सुरू झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात आईने शैलेंद्रला चहाला बोलावलं आणि पेन्शनच्या खात्याचा चेक त्याच्यापुढे ठेवला.

"हे काय, काकू? मंडळीनेच तुम्हाला एक हिस्सा द्यायचं ठरवलंय. भेट म्हणून."

"भेट नको. मला एक गाय विकत पाहिजे. रीतसर, पावती करून."

शैलेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने लॅपटॉप उघडला. "कागदावर नाव काय घालू? जाईबाई मगरे?"

आईने हात वर करून त्याला थांबवलं.

"माझ्या बापाचं लाव. माझा बाप लोकांची मेलेली ढोरं गावाबाहेर ओढायचा. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं दोर टाकला, म्हणाला, पुन्हा हात लावणार न्हाई. गावानं बहिष्कार घातला, तरी उचलला न्हाई. पण जितं जनावर काही त्याच्या दावणीला कधी आलं न्हाई." तिने चष्मा नीट केला. "लिही. जाईबाई सुखदेव खरात. मालक."

शैलेंद्रने लिहिलं. एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. आईने स्पेलिंग मला तपासायला लावलं, मग छापलेल्या कागदावर स्वतः खाली सही केली, दवाखान्याच्या नोंदवहीत करायची तशी, पूर्ण नावाने, तारखेसह.